शिवशरणआप्पांनी पुसलेली वर्षं

शिवशरणआप्पांना बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, ही लहानपणापासूनची सवय. कडा या बाजारगावाहून आत डोंगराकडं गेलं की हिवरदरी लागते. तिथं त्यांचे वडील नागप्पा यांचं किराणा दुकान होतं. आप्पांना त्या दुकानावर बसवून पाहिलं, पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आप्पांची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी नागप्पाच कंटाळून म्हणाले, "ह्याला कुठं तरी कागदाम्होरं बसवा. मानसाम्होरं हे टिकायचं न्हाई." दुकान धाकट्या भावाकडं गेलं आणि आप्पा सहकारात आले.

पहिली सूतगिरणी. तिची यंत्रं लाकडी पेट्यांतून कधी बाहेर निघालीच नाहीत. मग तेलबियांची संस्था. तिथं घाणा फिरला, पण फार काळ नाही. दोन्ही संस्था बंद झाल्या तेव्हा खुर्च्या-टेबलं ताब्यात देण्याचं काम आप्पांच्याच वाट्याला आलं. त्यामुळं चाळिशी उलटल्यावर गावच्या दूध संस्थेत जागा मिळाली, तेव्हा उमाबाई, त्यांची बायको, देव्हाऱ्यापुढं हात जोडून म्हणाली, "ही तरी ह्यांच्या हातानं बंद हुऊ देऊ नको रे म्हादेवा."

संस्था चालली, चांगली चालली. पुढं तिथं कॉम्प्युटर आला. गावातली शिकलेली पोरं पुण्याकडं कामाला गेलेली, म्हणून तालुक्याला शिकायला आप्पांनाच पाठवलं. भीत भीत गेले आणि शिकून आले. सकाळ-संध्याकाळ बाया किटल्या घेऊन रांगेत यायच्या. काट्यावर दूध ठेवलं की वजन पडद्यावर यायचं, फॅटच्या यंत्रात नळी घातली की टक्का यायचा, आणि छोट्या यंत्रातून कर्रकर्र करत चिठ्ठी बाहेर पडायची. कागदी वह्या बंद झाल्या. सगळं त्या पेटीत. आप्पांना वाटायचं, जन्मात पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगाचे झालो.

मग पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. टँकरच्या पाण्यावर माणसं कशी तरी जगली, पण जनावराला कुठलं पाणी पुरणार? लोकांनी गाई कड्याच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावात विकल्या. छबुबाईनं आपल्या दोन्ही गाई विकल्या, त्या दिवशी संध्याकाळी ती सवयीनं रिकामी किटली घेऊन रांगेत येऊन उभी राहिली होती. वयानं आप्पांपेक्षा मोठी, शेजारच्याच आळीतली. पाळी आल्यावर तिच्या ध्यानात आलं. "आरं द्येवा," म्हणून हसली आणि माघारी गेली. आप्पांना त्या हसण्यानं रात्री जेवण गेलं नाही.

रांग आटत गेली. ज्यांच्या विहिरींना पाणी टिकून होतं अशा बड्या घरांचंच दूध काय ते येत राहिलं. अशात एका खाजगी डेअरीचा माणूस मोटारीतून आला. संस्थेची इमारत आणि दूध थंड करायची टाकी आम्हाला द्या, दूध आम्ही गोळा करू, भाव जास्त देऊ, असं त्याचं म्हणणं. बड्या घरांना ते पटलं. पण ज्यांनी गाई विकल्या होत्या त्या लोकांनी एका तोंडानं सांगितलं की संस्था राहू द्या. पाऊस पडला की आम्ही जनावरं आणू. डेअरीवाला आमच्या एका किटलीसाठी थांबणार आहे का?

"मतावर घ्या म्हनावं," धोंडीराम पारावर बसून सांगायचा. ह्याच्याही गाई बाजारात गेलेल्या. "आमी लई हावोत. ते इनमिन मूठभर. हात वर करायला काय दूध लागतंय व्हय?"

वार्षिक सभेत मतदान घ्यायचं ठरलं. गाई विकलेले पुष्कळ, दूध घालणारे थोडे. संस्था राहणार, हे गाव धरून चाललं. आप्पांनीही धरलं. नाही म्हणायला चेअरमन सुंदरराव कुणाच्या बाजूनं आहेत हे कळत नव्हतं. ते बड्या घरचेच, पण वीस वर्षं संस्थेचे चेअरमन. विचारलं की मिशीला हात लावून म्हणायचे, "सभा ठरवील."

त्याच उन्हाळ्यात संस्थेचं दूध घेणाऱ्या तालुका संघानं कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्रॅम घालून दिला आणि तिथून आप्पांचं ग्रहण सुरू झालं. जुन्या कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम पेलवेना. वजन टाकलं की पडदा थिजायचा, रांगेतली माणसं चुळबुळायची. संघाच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं, "मेमरी कमी पडतीये. वाढवून घ्या." सुंदररावांनी हो म्हटलं. आप्पा एस.टी.नं कड्याला जाऊन बंकटच्या दुकानातून मेमरीची पट्टी घेऊन आले. बंकट कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्त करायचा. "जुनीच्या शेजारी खाच आसंल आप्पा," तो म्हणाला. "दाबायची. कट् वाजलं की बसली." सदऱ्याच्या खिशात, रुमालात गुंडाळून आप्पांनी ती बोटभर पट्टी गावात आणली.

गावात नवी वस्तू आली की ती वापरायच्या आधी पुजायची. दुधाचे कॅन पुजले होते, फॅटचं यंत्र पुजलं होतं, टाकीपुढं तर नारळ फुटला होता. सुंदररावांनी पट्टीवर हळदीकुंकू वाहिलं. मग आप्पांनी घरून आणलेली विभूती काढली. आप्पांच्या घरात शुभ कामाला विभूतीशिवाय हात घालत नाहीत. तीन बोटं पाण्यात बुडवून भस्मात टेकवली आणि पट्टीवर ओढली. पट्टीची एक बाजू हिरवी, काळ्या ठिपक्यांची. आणि एका काठाला सोन्यासारखे पिवळे दात. तो चमकणारा काठच पट्टीचं तोंड असणार, असं आप्पांना वाटलं. भस्म त्यांनी तिथंच लावलं, मनापासून लावलं. "संस्था टिकू दे," एवढंच मनात म्हणाले. मग पट्टी खाचेत दाबली. कट् वाजलं.

आठवडाभर कॉम्प्युटर वाऱ्यासारखा चालला. सुंदरराव येताजाता म्हणायचे, "आप्पा, इंजिनिअर झालास की बे!" आप्पा लाजून खाली बघायचे, पण ते बोल मुरवत घरी घेऊन जायचे.

आणि मग एका सकाळी पडदा निळा पडला. पांढरी अक्षरं आली आणि सगळं बंद. चालू केला, चालला. दुपारी पुन्हा थिजला. पुढं रोजचंच झालं. कधी सुरू होताना नुसता टूं टूं ओरडायचा. रांगेतून आवाज यायचे, "आप्पा, तुमच्या मशिनीला पान्हा फुटंना का?" कुणी म्हणायचं, "खाजगीवाल्याकडं आसं न्हाई हं." हे दुसरं बोलणं आप्पांच्या काळजात शिरायचं. यंत्र असंच अडलं तर लोकांचं मन सभेआधीच फिरेल, ही धास्ती.

त्यांनी संघात फोन लावला. इंजिनिअर घाईत होता. "कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबा. मेमरी किती टक्के दिसते?"

"चौऱ्याण्णव."

"फुल झाली म्हणजे. नको ते बंद करा. साफ करा थोडं." फोन ठेवला.

टक्का आप्पांना कळत होता. आयुष्याची कितीक वर्षं त्यांनी फॅटचा टक्काच वाचला होता. पण टक्का कशातला, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही. नव्या पट्टीशी संबंध तुटला की कॉम्प्युटर एकट्या जुन्या पट्टीवर चालत होता आणि ती इवलीशी पट्टी भरून वाहत होती. पडद्यावर तेही लिहिलेलं होतं, टक्क्याच्या जरा वर. आप्पांची नजर टक्क्यावरच खिळली. नवी मेमरी घालूनही भरली, म्हणजे आत फार काही साठलंय, असा अर्थ त्यांनी काढला. काय साठलंय? गेल्या सगळ्या वर्षांचं दूध. शेकडो माणसांची सकाळ-संध्याकाळ. आता ज्यांच्या दारात जनावर नाही, त्यांचं ओझं हे यंत्र उगीच वाहतंय.

बंकटला विचारावं असं मनात आलं. पण इंजिनिअर झालास म्हणणाऱ्या सुंदररावांना कळलं असतं की आप्पाला काही येत नाही. ती लाज आडवी आली.

दुपारची वेळ. पत्र्याच्या खोलीत अंगाची लाही होत होती. आप्पांनी दार लोटून घेतलं आणि एकेका सालाचा कप्पा उघडला. पडद्यावर नावं चढत गेली. धोंडीराम, किटली घासून पुसून आणणारा. छबुबाई, जिच्या दुधाला पोळ्याच्या सुमारास चांगलं फॅट लागायचं. एका सालात तर संध्याकाळचं दूध टाकीत मावलं नव्हतं आणि संघाची गाडी दोनदा आली होती. आप्पांचा हात थांबला. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं की नुसती नावं राखून काय करायचं, संस्था राहिली तर माणसं परत येतील. चालू साल ठेवलं आणि मागची सगळी पुसली. 'बॅकअप' नावाचा एक कप्पा फार मोठा दिसला, तोही पुसला. कचऱ्याची टोपली रिकामी करू का, असं यंत्रानं विचारलं. आप्पा हो म्हणाले.

संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा निळा पडला.

तेव्हा मात्र बंकटला बोलवावं लागलं. त्यानं पेटी उघडली, नवी पट्टी उपसली, उजेडात धरली आणि हसायला लागला. "आप्पा, ही काय भानगड? दातांवर राख बसलीय. त्यात कुंकवाचा लेप. आँ? हिला काय लगीन लावून आनलंय का?"

सुंदररावही हसले. आप्पा हसले नाहीत.

बंकटनं खिशातून खोडरबर काढलं, पिवळे दात घासून लख्ख केले, पट्टी परत बसवली. यंत्र सुरू झालं. चालतच राहिलं. अर्ध्या घटकेचंसुद्धा काम नव्हतं.

"मंग भरली कावून दिसत होती?" आप्पांनी हळूच विचारलं. "मी जुनं समदं पुसलं, तरी भरलेलीच."

बंकटनं मान वर केली. "काय पुसलं?"

आप्पांनी सांगितलं. बंकटनं पेटीचं झाकण खाली ठेवलं. मग दारातल्या लिटरच्या मापाकडं बोट करून म्हणाला, "आप्पा, मेमरी म्हंजी हे माप. काम चालू आसतंय तवर जे हातात धरायचं तेवढंच त्येच्यात. आन् तुमी पुसलं ते टाकीतलं. टाकी मोरीत ओतून दिली म्हनून माप मोठं हुतंय का?"

त्यानं पुसलेलं परत आणायचा प्रयत्न केला. कसला तरी प्रोग्रॅम लावून संध्याकाळपर्यंत बसला. वर्षांची नावं आली, आत काही आलं नाही. "तिथंच आता नवं लिहिलं गेलंय," तो म्हणाला. सुंदरराव उठले, धोतराचा सोगा झटकला. "जाऊ दे. जुन्याचं काय करायचंय? चालू झालं न्हवं?" त्या वेळी आप्पांना वाटलं, हा माणूस किती थोर मनाचा आहे.

सभेची नोटीस निघाली तेव्हा तालुक्याच्या सहकार कार्यालयातून कळवण्यात आलं की मत क्रियाशील सभासदालाच. मागच्या पाच सालांत एका साली तरी ज्यानं नियमाएवढं दूध घातल्याचं दिसेल, तो क्रियाशील. कॉम्प्युटरमधून यादी काढून पाठवा. आप्पांनी कळ दाबली. यादी एका पानात मावली. सगळी विहिरीवाली घरं.

ते पान आप्पांनी उलटून पाहिलं. संघात फोन केला. संघाकडं गावाचं एकूण दूध होतं, माणसागणिक नव्हतं. कार्यालयात जाऊन अधिकाऱ्यापुढं उभे राहिले, जीभ टाळूला चिकटली, तरी अडखळत सगळं सांगितलं. अधिकारी शांतपणे म्हणाले, "तुमच्याबद्दल मला संशय नाही. पण मला कारण नको, पुरावा पाहिजे. लोकांकडं चिठ्ठ्या असतील. त्या आणा. मी धरतो."

चिठ्ठ्या! आप्पा धापा टाकत गावात आले आणि दारोदार फिरले. आयुष्यात कुणाच्या दारात इतकं बोलले नसतील. पुष्कळांनी चिठ्ठ्या कधीच चुलीत घातलेल्या. पण छबुबाईनं जपल्या होत्या. पत्र्याच्या ट्रंकेतून तिनं फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. "काढ की बाबा काय काढायचं ते. एक न्हाई टाकलेली."

आप्पांनी गाठ सोडली. चिठ्ठ्या पांढऱ्या होत्या. पहिली, दुसरी, मधली, तळातली, सगळ्या कोऱ्या. चिठ्ठीच्या यंत्राला शाई नव्हती. उष्णतेनं काळा पडणारा तो कागद पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, दोन उन्हाळे भाजून अक्षरं विसरून गेला होता.

"काय रे? कमी हायत का?" छबुबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एक चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "ह्याच्यावं काळं काळं आसायचं की रं."

"गेलं काकू."

"कुठं गेलं?"

आप्पांनी चिठ्ठ्या पुन्हा फडक्यात बांधल्या.

सभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव जमलं. यादी वाचायचं काम आप्पांचं. ते वाचत गेले. पान लवकर संपलं. धोंडीराम उठला.

"आमची नावं कुठं हायत, आप्पा?"

"पुसली गेली."

"पुसली गेली का पुसली?"

"पुसली," आप्पा म्हणाले. "म्या पुसली. मला वाटलं मेमरी..."

"ऐका! मेमरी!" धोंडीराम लोकांकडं वळला. "दूध घालनाऱ्यांची नावं र्‍हायली आन् आमचीच तेवढी गेली. मेमरीला बरं कळतंय कोन कुनाचं ते! किती घेतले रे?"

"म्हादेवाची आन..."

"त्येला कशाला आनतोस मधी? चेअरमननं सांगितल्याबिगर तू पानी तरी पितोस का? येवढा भोळा हायस व्हय तू? कॉम्प्युटर चालवतोस की बे!"

आप्पांनी सुंदररावांकडं पाहिलं. ते एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. बंकटनं पट्टी घासली तेव्हा ते तिथंच बसलेले होते. सुंदररावांनी मिशीला हात लावला आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, घ्या मतदान."

हात वर झाले. मागं बायांत बसलेल्या छबुबाईनंही हात वर केला. अधिकाऱ्यांनी मोजताना तो हात सोडून दिला. तिच्या ते ध्यानात आलं नाही; मोजणी संपली तरी तिचा हात वरच होता. शेजारणीनं तो धरून खाली घेतला.

इमारत आणि टाकी डेअरीला द्यायचं ठरलं आणि सभा उठली. लोक आप्पांच्या अंगाला न लागता, बाजूबाजूनं गेले. सुंदररावांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काळजी करू नकोस. डेअरीवाल्याला मी आधीच बोललोय. तुझी जागा हाय तशीच र्‍हाईल." थांबलेल्या माणसांनी ते ऐकलं. धोंडीराम जमिनीवर थुंकला.

आप्पा घरी आले. उमाबाईला आधीच सगळं कळलं होतं. रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, "अहो, मला तरी खरं सांगा."

आप्पांनी ताट सरकवलं. खरं ते सभेतच सांगून बसले होते. तेच पुन्हा सांगायचं तर निराळ्या शब्दांत कसं सांगायचं, हे त्यांना सुचेना.

नोकरी नाकारावी असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण नाकारली तरी लोक म्हणाले असते की पचलं नाही. घेतली तर म्हणणार, मोबदला मिळाला. दोन्हीकडून तेच. शिवाय घरी खाणारी तोंडं होती आणि आप्पांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी घेतली. डेअरीनं आपला नवा कॉम्प्युटर आणला. तो कधी थिजत नाही. आप्पांना तो उघडायची परवानगी नाही आणि त्यांनाही उघडायचा नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. बऱ्यापैकी झाला. लोकांनी हळूहळू जनावरं आणली, पण डेअरी थोडं दूध घेईना. किटलीभर दूध असणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दुधात मिळवून घालावं, असा तिचा नियम. छबुबाईनं कशी तरी एक गाय केली. पहिल्यांदा दूध घेऊन आली त्या सकाळी रांगेत सहा-सात जण होते. तिची पाळी आली. आप्पांनी न विचारता तिचं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, अशी कुणी व्यक्ती नोंदीत नाही.

"न्हाई ना?" ती म्हणाली. पडदा तिला वाचता येत नव्हता, पण आप्पांचं तोंड दिसत होतं.

"नवी नोंद करतो, काकू. पण दूध थोडं हाय. राधाकिशनच्या नावावं घालावं लागंल."

राधाकिशनचं घर विहिरीवाल्यांपैकी. छबुबाईनं किटली काट्यावर ठेवली, वरचं फडकं काढलं.

"घाल," ती म्हणाली. "कुनाच्याबी नावावं घाल. लवकर कर, उन्हं चढायलीत."

आप्पांनी राधाकिशनचं नाव टाकलं आणि वजन घेतलं.